मशीनच्या चुकांची वही

३ नोव्हेंबर, सकाळी ७
ऊस तोडायचं मशीन आलं. माझ्या टोळीच्या बाराही नवरा-बायकोच्या जोड्या पत्र्याच्या खोल्यांत बसून आहेत. कारखान्याचे शेतकी साहेब म्हणाले, यंदा बघू. वीस वर्षं मुकादम आहे, 'बघू' म्हणजे काय ते कळतं. पण प्लॅन तयार आहे. बांधावर बसून मशीनच्या चुका लिहायच्या, वही साहेबांच्या टेबलावर ठेवायची. आठ दिवसांत मशीन परत.

४ नोव्हेंबर
चुका चार. बुडखे वीतभर उंच ठेवतं. उसाबरोबर पाला भरतं. कोपऱ्यात वळत नाही. आडवा पडलेला ऊस तुडवतं. बायको म्हणाली, त्यापेक्षा काम शोधा. म्हटलं, हेच काम चाललंय.

७ नोव्हेंबर
वही दिली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा. बाण बरोबर लागलाय.

११ नोव्हेंबर
बुडखे आता जमिनीलगत. पाला उडवायचा पंखाही मोठा बसवलाय. योगायोग. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने? अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१२ नोव्हेंबर
साहेबांकडून नवी वही. जाड पुठ्ठ्याची.

१८ नोव्हेंबर
मशीनला वळता यावं म्हणून कोपरे आधी हाताने तोडून घेतात. आमच्या दोन जोड्यांना अर्धा दिवस काम मिळालं. म्हणजे मशीनचं आमच्यावाचून अडतं. हे टोळीला नीट समजावलं. टोळी मधेच उठून गेली.

२४ नोव्हेंबर
डोंगराकडे उतारावर मशीन चढत नाही, तिथे माणसं हवीत, असं मेहुण्याने शोधून काढलं. सगळी टोळी त्याच्यामागे निघाली. बायकोसुद्धा. म्हटलं, चार दिवस थांबा, मशीन शेवटच्या घटका मोजतंय. ती म्हणाली, तुम्ही मोजा.

२ डिसेंबर
आज मशीनने पडलेला ऊसही उचलला. दिवसभरात एक चूक नाही. खोलीत बोलायला कोणी नाही. वाईट वाटलं.

३ डिसेंबर, दुपारी
साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, मुकादम, तुमच्या वहीमुळे मशीन सुधारलं. आता एकच राहिलं, उतार. डोंगराकडे जा, कुठे घसरेल तेवढं लिहून आणा. जीप देतो.
बाराही जोड्या तिथेच आहेत. जीप नको म्हटलं.

४ डिसेंबर
बायकोला फोन करून विचारलं, येऊ का. म्हणाली, या, तुमचा कोयता आणलाय. मुकादम आता माझा भाऊ आहे, त्याचं ऐकावं लागेल. आणि वही तिकडेच ठेवून या.