पाकिटावर राहिलेला अर्धा शिक्का

नाना,

पोस्टाचा गोल शिक्का तिकिटावर पूर्ण का बसत नाही, हा प्रश्न पाकीट हाती घेणाऱ्या अनेकांना पडला असेल. थोडा भाग तिकिटावर, उरलेला पाकिटावर. लोकांना ती घाई वाटते. धुळ्याच्या पोस्टात तुम्हाला शिक्के मारताना पाहिलं म्हणून मला कारण ठाऊक आहे: तिकीट आणि पाकीट एकाच वर्तुळाने बांधायचं, म्हणजे ते तिकीट काढून दुसरीकडे चिकटवलं तर तुटलेली रेघ चुगली करते. तिकिटावर नकाशा असला की तुम्ही आणखी जपत होतात. शिक्का कोपऱ्याला असा टेकवायचा, की एकही नदी झाकली जाऊ नये. आणि रेघ एकेरी हवी. दुहेरी उमटली तर हात हलला, असं तुम्ही नव्या कारकुनांना सांगायचात.

मी चोपड्याला भूगोल शिकवू लागलो होतो, तेव्हा देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या स्मरणार्थ तिकीट निघालं, आणि एके दिवशी तुमचं पाकीट आलं. आत कोरा कागद. म्हणजे पाठवायचं होतं ते तिकीटच, असा मी अर्थ लावला. लहानपणी तुम्हीच शिकवलेल्या पद्धतीने पाकीट कोमट पाण्यात ठेवलं, तिकीट अलगद सोडवलं, वर्तमानपत्रावर पालथं वाळवलं. पाकिटावरची तुमची निळी अक्षरं पाण्यात उतरली होती. तो लगदा मी फेकून दिला. दिवाळीत धुळ्याला येऊन तिकीट तुमच्यासमोर ठेवलं ते शाबासकीच्या अपेक्षेने. तुम्ही ते उजेडात धरलं, पाकिटाचं विचारलं आणि एवढंच म्हणालात, “पत्र पाकिटावरच होतं रे.” मग उठून दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलात. स्वयंपाकघरात शेव तळणारी आई तुमच्या पाठीकडे बघत म्हणाली, “तुम्हीनच शिकाडं ना त्याले? आते भोगा.” मी हसलो. तेव्हा तिने हलक्या आवाजात सांगितलं, की निरोपाचा कार्यक्रम संपल्यावर गळ्यात हार तसाच ठेवून तुम्ही खिडकीपाशी परत गेला होतात आणि नोकरीतला शेवटचा शिक्का माझ्या नावाच्या पाकिटावर मारला होता. मी ओट्यावर येऊन माफी मागायला हवी होती. माझी पद्धत बरोबर होती, या विचाराला मी चिकटून राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

यंदा नववीच्या वर्गात ते तिकीट भिंगाखाली ठेवलं. त्यावरचं त्रिकोणांचं जाळं पाहून आजही माझे शब्द अडखळतात. जमिनीवर एकच रेघ अत्यंत काळजीने मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरचं शिखर पाहायचं आणि कोन मोजायचे. ज्या शिखरावर पाऊलही टाकलेलं नाही, त्याची जागा कागदावर पक्की होते. त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा, असं करत माणसं दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत पोचली, आणि तो सारा प्रवास बोटाच्या दोन पेरांएवढ्या कागदावर मावला. मी हे सांगत असताना भिंगावर वाकलेली एक मुलगी विचारते, “सर, उरलेला गोल कुठे शे?” वर्ग हसतो. मला हसू येत नाही. नाना, इतकी वर्षं भूगोल शिकवूनही मला सुचलं नव्हतं, की सर्वेक्षकांनी न गाठलेलं शिखर जसं सापडतं, तसा हरवलेला शिक्काही सापडेल.

कोणत्याही जुन्या तिकिटावर हे करून पाहता येतं. ते कोऱ्या कागदावर ठेवावं. शिक्क्याच्या बाहेरच्या रेघेवर, शक्य तितके लांब लांब, तीन बिंदू घ्यावेत. पहिला दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला सरळ रेषेने जोडावा. दोन्ही रेषांच्या मध्यावर काटकोनात रेषा काढून त्या लांबवाव्यात. त्या जिथे भेटतील तिथे शिक्क्याचं केंद्र. तिथे कंपास रोवला की फेकून दिलेल्या कागदावरचं वर्तुळही पुरं होतं. तुमच्या तिकिटावर मी हे दोनदा केलं, कारण भिंगाखाली रेघा दोन दिसल्या आणि केंद्रंही दोन निघाली, केसाएवढ्या अंतरावर. मुलांनी कारण विचारलं, तेव्हा छपाईतला दोष आहे, असं मी सांगितलं.