भरल्या गाडीचा बिघाड

आये, परवा गॅरेजवर एक पिकअप आली आणि तिच्यामुळे तुला हे लिहायची वेळ आली. एरवी मी तुझ्याशी बोलत नाही. पितृपक्षात पान वाढतो, कावळा शिवला की सुटलो म्हणतो आणि शटर उघडायला पळतो. गॅरेज अजून तिथेच आहे, शहापूरच्या नाक्यापुढे. तू तिथे एकदाच आली होतीस. टायरवर बसून चहा प्यायलीस आणि एका ट्रकची उघडी वायरिंग बघून म्हणालीस, एवढी आतडी बाहेर काढलीस, परत जागच्या जागी बसवशील ना? डोळे बांधले तरी बसवीन, असं मी फुशारकीने म्हणालो होतो. तुझी नात तेव्हा बालवाडीत होती, आता कॉलेजला जाते, म्हणजे बघ किती वर्षं झाली. फुशारकी मात्र माझी परवापर्यंत तशीच होती.

पिकअपवाला म्हसा गावाकडचा. गावागावांतून भाताच्या गोण्या भरतो आणि गिरणीवर पोचवतो. त्याची तक्रार अशी की चालती गाडी मध्येच मरते. समोरचे दिवे जातात, इंजिन बंद पडतं, आणि जरा वेळ थांबून चावी मारली की काही झालंच नाही अशी सुरू होते. माझ्याकडे येण्याआधी त्याने दोन गॅरेजं पालथी घातली होती. एकाने बॅटरी बदलली. दुसऱ्याने अल्टरनेटर बदलला, आणि तरीही याचं रडगाणं संपेना तेव्हा सांगितलं की गाडीत काही नाही, तुलाच भास होतो. हे असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या धंद्यात कायमचा बिघाड शोधणं सोपं, तो समोर उभाच असतो. अधूनमधून डोकं वर काढणारा बिघाड खरा छळतो, कारण दाखवायला आणली की गाडी शहाणी होते. म्हणून मी एक नियम करून ठेवलाय आणि येईल त्याला ऐकवतो, की गाडी माझ्यासमोर बंद पडली नाही म्हणून गिऱ्हाईक खोटारडं ठरत नाही. बोनेट उघडून मी सगळ्या वायरी हाताने हलवून पाहिल्या, कपलर काढून साफ करून बसवले, रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केली, मीटर लावला. आसनगावपर्यंत चक्कर मारून आलो. गाडी अशी पळाली की ड्रायव्हरच ओशाळला.

मग मी त्याला समोर बसवून विचारलं, बंद पडते ती नेमकी कधी. तो म्हणाला, कधीपण. कधीपण असं काही नसतं, मी म्हणालो, मागच्या वेळेला कुठे होतास, त्याच्या आधी कुठे होतास, आठव. चहा अर्धा झाला तेव्हा त्याला आठवलं की दर वेळेला चढ होता. ग्लास खाली ठेवता ठेवता हेही आठवलं की दर वेळेला गाडी भरलेली होती. रिकामी ती कधीच बंद पडली नव्हती. मी त्याच्यावर डाफरलो, मग माझ्याकडे रिकामी कशाला आणलीस? त्यावर तो जे बोलला ते खोटं नव्हतं. "मेकॅनिककडं भरलेली गाडी कोण आणतो, शेठ? धुऊन, रिकामी करून आणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याच्याबरोबर माल भरायला गेलो. माल नेमका ताईच्या गावात होता. गोण्या चढल्या, गाडी मागून दबली, आणि गावाबाहेरच्या चढावर अर्ध्यात मेली. मी उडी मारून बोनेट उघडलं. बॅटरीचा करंट गाडीभर फिरून जिच्यातून परत येतो ती अर्थिंगची जाड वायर वरून ठणठणीत दिसत होती. बोटाने दाबली तर आवरणाच्या आत पोकळ. आतल्या तारा एकेक तुटत जाऊन थोड्याच उरल्या होत्या. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीला तेवढ्या पुरायच्या. चढावर भरल्या गाडीचं इंजिन जोर करून एका बाजूला कलतं, वायर ताणली जाते आणि उरलेलाही धागा सुटतो. थांबलं, इंजिन पुन्हा जागेवर बसलं, की तारा एकमेकींना टेकतात. मी बाजूने जंपर केबल लावून दिली आणि गाडी एका दमात चढ चढून गेली. ड्रायव्हर वर पोचून हॉर्न वाजवत होता आणि मी खाली रस्त्याच्या कडेला बसलो होतो. चढाला लागलं का होतं, थांबलं का जातं, हे मी आधी कुठे ऐकलं होतं ते मला आठवलं.

तू रानातून गवताचा भारा घेऊन येतेस. तानसाच्या बाजूचा आपला तो चढ, आणि घर दिसायला लागतं तिथे ऐनाच्या झाडाशी तू भारा टाकून उभी आहेस, डावा हात उजव्या हाताने धरून. मी मोटरसायकलवरून येतोय. तुझ्याजवळ थांबतो, पण इंजिन बंद करत नाही. तू सांगतेस, "चढाला लागलं का दाढ दुखतं रे, आन् हात जड व्हतो. थांबलं का जातं." मी म्हणतो, दाढ किडली असेल. आणि खरोखरच तुला नेऊन दाढ काढून आणतो, बहुतेक चांगली धडधाकट दाढ. दुखणं राहिलं तसंच. काही दिवसांनी तू परत सांगितलंस, या वेळी छातीत आवळल्यासारखं होतं हेही सांगितलंस.

मी तुला डॉक्टरांकडे नेलं, नाही असं नाही. तू ठेवणीतलं लुगडं नेसलीस, केस चापूनचोपून बसवलेस, बाकावर नंबर येईपर्यंत निवांत बसलीस, आणि आडवं करून छातीला वायरी लावल्या तर सगळं नीट निघालं. त्या वायरी बघून मी डॉक्टरांना माझा धंदा सांगितला आणि आम्ही दोघं थोडं हसलोसुद्धा. मग त्यांनी तुला विचारलं, आजी, हे कधी होतं? उत्तर मी दिलं. म्हणालो, असंच, कधीपण. चढ सांगितला नाही, भारा सांगितला नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलीस, कारण आयटीआय शिकलेला मुलगा बोलतोय म्हणजे बरोबरच बोलत असणार. तरी त्या भल्या माणसाने सांगितलं की कल्याणला चालत्या पट्ट्यावर चालवून तपासतात, एकदा नेऊन आणा. दिवाळीनंतर नेतो, मी म्हणालो. गॅरेजवर एक ट्रक उघडा पडला होता आणि माझं चित्त तिकडे होतं.

त्या दिवाळीला तू नव्हतीस. कापणीला माणसं मिळेनात म्हणून ताईचा फोन आला, आयेला थोडे दिवस धाड. मी तुला मोटरसायकलवर मागे बसवून म्हशाला ताईकडे नेलं. वाटेत तू मागून म्हणालीस, "ताईला नको सांगू दाढेचं. ती मंग मला कामाला हात लावू देयाची नाय." या वाक्याआड मी इतकी वर्षं लपलोय. कधीकधी मला तुझा राग येतो, की तुला कामाची एवढी हौस कशाला होती, लेकीच्या घरी जाऊन पाय पसरून बसता आलं नसतं का. पण तू अडवलं नसतंस तरी मी तिला सांगितलं नसतं, कारण ते माझ्या ध्यानातच नव्हतं. तिच्या दारात चहा प्यायलो आणि परत फिरलो.

मग भावोजींचा फोन. शेतातून खळ्यावर भारे आणताना तू मध्येच खाली बसलीस, पाणी मागितलंस आणि ताई तांब्या घेऊन येईपर्यंत आटोपलं होतं. दहाव्याला सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, हातीपायी धड गेली, कुणाकडून सेवा करून घेतली नाही. मीही त्यांच्यात सूर मिसळला. कधी म्हणून तक्रार नव्हती हो तिची, असं मी माझ्या तोंडाने चारचौघांत सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तू मला दोनदा सांगितलं होतंस.

ताईने ते सगळं आपल्या अंगावर घेतलं. तेव्हापासून ती सासूला भरला हंडाही उचलू देत नाही. कापणीला कुणा बाईमाणसाच्या डोक्यावर भारा देत नाही, होतील तेवढे सगळे स्वतः वाहते. तिचे गुडघे गेलेत, कमरेला पट्टा आलाय. भावोजी ओरडून थकले, ती ऐकत नाही. पिकअप चढावर मेली त्या दिवशी ड्रायव्हर केबल तशीच बांधून गिरणीवर गेला आणि मी चढ उतरून तिच्याकडे गेलो. एवढ्या जवळ येऊन न जाणं बरं दिसलं नसतं. ती खळ्यावर सांडलेलं भात झाडून गोळा करत होती. मला बघून फडा टाकला, हात धुतले, चहा ठेवला. तुझ्या नातीची चौकशी केली, मी भाऊबीजेला दिलेल्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात कसा गेला ते सांगून मला दुकानदारासकट झोडलं, आणि मी हसत होतो. मग गॅसकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता, दर वर्षी विचारते तेच तिने विचारलं.

"आये तुला कधी काय बोलली व्हती का रे? दुखतं-खुपतं काय?"

माझ्या बोटांना अजून त्या वायरीचं काळं लागलेलं होतं. सांगायचं म्हटलं तर दोन वाक्यांचं काम होतं, आणि भावोजी घरात नव्हते, सासू बाहेर ओटीवर होती, यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

"नाय गो," मी म्हणालो. "कधीच काय बोलली नाय."

"मंग माझ्यामुळंच गेली," ती म्हणाली, आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

मी स्वतःची समजूत घालतो की आता सांगून काय उपयोग. तिला माहेर म्हणून मी एकटा उरलोय, तेही तुटेल. हे बोलायला बरं वाटतं, पण यात तिची काळजी नावालाही नाही. ती भाऊबीजेला येते, मला ओवाळते, आणि त्या ताटासमोर मला तुझा गुणी मुलगा म्हणून बसायचं असतं, एवढंच आहे. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याला मी नावं ठेवली. त्याने ड्रायव्हरला एकदा वेड्यात काढलं. मी माझ्या बहिणीला वर्षानुवर्षं तिने न केलेल्या चुकीचे भारे वाहू दिलेत, आणि ती वाहताना बघून घरी येऊन जेवलोय.

पिकअपवाला आज सकाळी पुन्हा आला होता. मी नवी वायर टाकून दिली होती, गाडी आता भरून चढते. तो म्हणाला, "तुमी माझं ऐकून घेतलं, शेठ, म्हणून सापडलं. बाकी कोणी ऐकत नव्हतं." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही, दुसऱ्या गाडीखाली जाऊन आडवा झालो आणि नट पिळत राहिलो. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून हा कागद घेतला.

हे कुठे पाठवायचं नाही ते उघडच आहे. पण हे तुला लिहायचं म्हणून मी बसलो नव्हतो, आये. वर आधी 'ताई' असं लिहिलं होतं. दुपारभर कागदावर तेवढा एकच शब्द होता. मग ती हे खरंच वाचेल या भीतीने मी तो खोडला आणि शेजारी तुझं नाव लिहिलं.