त्या दिवशीचं ‘हाव’

प्रिय जीवन,

तू फोन उचलत नाही, म्हणून तुझ्या मायकडून भिवंडीचा पत्ता घेतला अन लिहायले बसलो. अक्षर पाहून हसू नको लेका. एखादी ओळ दुसरीवर चढली असेल. कागद गॅरेजातला आहे, ग्रीसचे डाग त्याचेच.

वडनेरचं गॅरेज चालू आहे, म्हणजे शटर उघडतं. हायवेवरचे जुने ड्रायव्हर थांबतात, मले पाहतात, चहा पितात अन काम करायले समोर नाहीतर पुढं मलकापूरले जातात. समोरच्या गॅरेजात प्रेमानंदनं मोठा प्रेस आणला. पुढच्या चाकाची किंगपिन कितीही गंजून बसली असो, यंत्र दाबतं अन ती मुकाट बाहेर येते. ना घन, ना सुंबा. आपण एका पिनीपायी सकाळची दुपार करायचो, गॅसनं लोखंड तापवायचो, डिझेल पाजायचो, तिले शिव्या द्यायचो. मी बाजेवर बसून ते यंत्र पाहतो. फार वेळ पाहवत नाही, मंग आत जातो.

आपली रीत तुले आठवतेच. मीच शिकवली होती. लोखंडी सुंबा धरणाऱ्यानं तो पिनीवर नीट टेकवायचा, तोंड फिरवायचं, अन मंग म्हणायचं ‘हाव’, म्हणजे हो, आता हाण. हाव ऐकल्याशिवाय दुसऱ्यानं घन हाणायचा नाही. तू टिंगल करायचा, भाऊजी, घन मारायले पण तुमची परवानगी लागते का? पण पाळायचा. त्या सुंब्याचं डोकं मार खाऊन पसरलं होतं, कडा फुटून लटकत होत्या. ग्राइंडरवर घासून घेऊ म्हणत आपण दोघंही ते उद्यावर ढकलत होतो. त्या दिवशी त्याच कडेची कपची उडून माझ्या डोळ्यात गेली.

खरं सांगू, तेव्हा मले फार दुखलंही नाही. कुसळ गेल्यासारखं वाटलं, पाणी आलं. तूच मले मोटरसायकलवर नांदुऱ्याले नेलं, तिथून अकोल्याले. दवाखान्याच्या बाकावर तू एकच धरून बसला होता, भाऊजींनी हाव म्हणलं, मी माझ्या कानानं ऐकलं. कोणी मानलं नाही. माझं तोंड सुंब्याकडंच होतं, अन गोकुळ मिस्त्री तोंड फिरवल्याशिवाय हाव म्हणत नाही, हे सगळ्या गॅरेजलाइनीले ठाऊक. छाया तुझी सख्खी बहीण, तिनंही मानलं नाही. घाईघाईत घन हाणला अन माझ्या नवऱ्याचा डोळा घेतला, एवढं बोलली, अन तिथं तुमचं बोलणं संपलं. पुढं पुढं तूही म्हणायले लागला, मले भास झाला असेल. मंग कोणाले न सांगता गाव सोडलं. आता घनाले हात लावत नाही म्हणे, गोदामात खोके उचलतो. तुझ्यासारखा घन मारणारा या लाइनीत नव्हता रे.

भाऊबीजेले छाया सकाळपासून भांडी घासत बसते. ओवाळायचं ताट माळ्यावर टाकून दिलं आहे. कधी मेथीची भाजी करताना, जीवनले अशीच लागते, असं तिच्या तोंडून निघून जातं, अन मंग दिवसभर माझ्यावर चिडते.

जीवन, तू बरोबर ऐकलं होतं. मी हाव म्हणलं होतं. मान खाली घालून सुंबा टेकवत होतो, तेवढ्यात मागच्या दारातून छायानं विचारलं, चहा ठेवू का? मी तिले म्हणलं, हाव. कंप्रेसरच्या आवाजात तिचं विचारणं तुझ्यापर्यंत आलं नाही, माझं हाव आलं. बस, एवढंच झालं. ती आत वळली होती, तिले हे माहीत नाही. चूक माझी होती असं म्हणावं, तर ती विचारेल, तोंड न फिरवता हाव काऊन म्हणलं? अन तिले तो चहा आठवेल. रोज सकाळी ती माझ्या डोळ्यात औषध घालते. त्या वेळी किती वेळा तोंड उघडलं अन मिटलं. तुझ्यावरचा डाग काढायचा तर तो तिच्यावर पडतो. तू दूर होता, ती समोर होती, म्हणून मी तुझ्यावरच राहू दिला.

आता दुसरा डोळाही चालला आहे. डॉक्टर म्हणतात, एक डोळा असा फुटला की कधी कधी चांगलाही त्याच्या मागं जातो. औषधं चालू आहेत, फरक नाही. हा कागद मले धुक्यात धरल्यासारखा दिसून राह्यला. पुढं काही लिहायचं झालं तर ते छायाकडूनच लिहून घ्यावं लागेल, अन हे तिच्याकडून कसं लिहून घेऊ? म्हणून ती बाजाराले गेली तेवढ्यात बसलो. मी तुले मोकळं करून नाही राह्यलो, उलट मागूनच राह्यलो. वाचून हे फाडून टाक अन तिले कधी सांगू नको. जमलं तर एकदा ये, मले तुझं तोंड दिसतं आहे तोवर. ती तुले पाणीही विचारणार नाही, तेवढं सोसून घे. अन चुकून चहा विचारलाच, तर नुसती मान हलव. मीही आता तेच करतो.

तुझाच,
गोकुळ भाऊजी