लाटसाहेबाने पाय दिला

प्रिय ठमू,

तुझ्या लाटसाहेबाने आज पाय दिला. चारही! नालवाला आत्ताच काम आटोपून गेला, आणि मी तबेल्यातून थेट लिहायला बसले आहे.

तू नोकरीला गेल्यापासून तो कुणाला खुराला हात लावू देईना. गेल्या खेपेला त्याने नालवाल्यावर लाथ झाडली, तेव्हाच तुझे बाबा म्हणाले, पुन्हा असं झालं तर घोडा विकायचा. तुला मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, परगावी जिवाला घोर नको. तुझी ती टिकटिक वाजणारी क्लिकरची डबी काढली आणि सोबतच्या तुझ्या चिठ्ठीप्रमाणे सुरुवात केली. त्याने खूर जरासा उचलला की त्याच क्षणी टिक, आणि लगेच गाजराचा तुकडा. बाबा विचारायचे, घोडा शिकतोय की तू? म्हटलं, दोघंही, तुम्हीच तेवढे राहिलात.

पण माझा आखडता हात तुला ठाऊक आहे. चार दिवसांत खूर वर यायला लागला, तसं वाटलं, आता समजलंय त्याला, दर वेळी गाजर कशाला नासायचं? नुसतीच टिक वाजवू लागले. दोन दिवस त्याने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी डबी वाजली की कान मागे पाडून तोंड फिरवायला लागला. चिठ्ठी पुन्हा वाचली. खाली तू रेघ मारून लिहिलं होतंस, टिक म्हणजे दिलेला शब्द. रोज देवापुढे हात जोडणारी मी, आणि मुक्या जनावराला फसवत होते! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तुकडा नखाएवढाच हं, पण चुकवला एकदाही नाही. आज नालवाला बिचकतच आला, तर मीच म्हटलं, खुशाल वाका, मी उभी आहे.

चिठ्ठीतली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. उशिरा वाजवलेली टिक घोड्याला कळत नाही. हा शिंगरू असताना रस्त्यावर पळाला होता, आठवतं? सगळे आरडाओरडा करत मागे धावले. तू दहा वर्षांची, हात पुढे करून गप्प उभी राहिलीस, आणि तो तुझ्याकडे चालत आला. मी आधी तुझा चिखलाने भरलेला फ्रॉक पाहिला आणि ओरडले. पुढे बोलायचं राहूनच गेलं. तू घोडा नाहीस, तुला उशिराचंही कळेल. ठमू, त्या दिवशी तू अगदी बरोबर केलंस.

डबी खिशात घेऊन फिरणारी,
तुझीच आई