स्टुडिओतला कॉम्प्युटर सुनेलाच

मी, चौकाच्या कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्याच अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण घरात त्याबद्दल दुमत आहे.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. गच्चीवरून भांडू नये.

२. कॅमेरे, दिवे आणि मागचे पडदे मुलाला. फोटो तो माझ्यापेक्षा चांगले काढतो. हे त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही.

३. कॉम्प्युटर, त्यातल्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या फोटोंसकट, सुनेला. यावरून घर डोक्यावर घेतलं जाणार, म्हणून कारण लिहिते.

फुकटचा प्रोग्रॅम दिसला की मुलाचे हात शिवशिवतात.

"राहू दे की आई, फुकट तर आहे."

"फुकट आहे ना, मग त्याचं पोट कशावर चालतं?"

तोवर त्याने बसवायचं बटण दाबलेलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई वारलेल्या वडिलांचा फोटो मोठा करून घ्यायला आल्या. घरी माणसं खोळंबलेली, आणि इथे फोटो उघडेना. चिरंजीवांनी एक अँटिव्हायरस असताना दुसरा बसवला होता, वर वेग वाढवणारा म्हणून आणखी काहीतरी. दोन्ही राखणदार एकमेकांचीच झडती घेत बसलेले. मुलगा म्हणाला, "मशीन म्हातारं झालंय, भंगारात घाल."

सून काउंटरवरून उठली. "यातलं आपण स्वतः मागवलेलं कोणतं?" एकेकाचं काम काय ते मला विचारत गेली. बिनकामाचं सगळं काढलं, अँटिव्हायरस एकच ठेवला, प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम ओळखून राहू दिला. बाई फोटो घेऊन गेल्या. तेच मशीन आजही मुकाट चालतं आहे.

४. भंगारवाल्याला जो बोलावेल, त्याचा कलम २ मधला हक्क संपला.

५. "बायकांना मशीनमधलं काय कळतं," असं धाकटे दीर माझ्यादेखत म्हणाले होते. त्यांना काही नाही. माउससुद्धा नाही.

६. कॉम्प्युटर बायकोच्या नावावर गेला तर स्टुडिओत पाऊल ठेवणार नाही, असं मुलाने बजावलं आहे. मी मरायची वाट पाहिली नाही. नवीन काही बसवायला जो पासवर्ड लागतो, तो काल त्याच्यासमोर बदलून सुनेला दिला. फोटोचं काम तो पूर्वीसारखंच करू शकतो.

"म्हणजे मला काही बसवायचं असलं तर हिला विचारायचं?"

"हो."

"आणि मी आलोच नाही तर?"

"तर स्टुडिओ ती चालवेल. दिवे कसे लावायचे ते शिकवायला घेतलंय."

आज सकाळी तिने एका गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो काढला. बरा आला.

सही: स्टुडिओची मालकीण
साक्षीदार: शेजारचे शिंपी, समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई. दोघांनी वाचून, माझ्यासमोर सही केली. शिंपी कलम ५ ला हसले, तेही नोंदवते.
ठिकाण: स्टुडिओची पुढची खोली, दार उघडं ठेवून
तारीख: डॉक्टरांच्या दाखल्यावरच्या शिक्क्यात आहे ती