चार नंबरचं कुलूप

२ मार्च
पोचलो एकदाचे! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा-बायको एकाच ठिकाणी नोकरीला आणि एकाच घरात, असं हे पहिल्यांदाच घडतंय. कधी त्याची बदली, कधी माझी. अर्धा संसार फोनवरच झाला. क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, पण उजेड भरपूर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सौर पॅनेलांच्या रांगा दिसतात, लांबून तळ्यासारख्या. आल्या आल्या त्याने पंखा, नळ, दाराची कडी, सगळं तपासलं. मी म्हटलं, आता बायकोही तपासून घे, नवीनच मिळालीय. तर म्हणे, मास्तरीणबाई (सारख्या चुका काढते म्हणून त्याने ठेवलेलं नाव), वॉरंटी संपलेल्या मालाला मी हात लावत नाही. उशी फेकून मारली. किती दिवसांनी कुणाला उशी फेकून मारली!

४ मार्च
कामाची ओळख झाली. दिवसा पॅनेलं वीज बनवतात, ती बॅटरीच्या कंटेनरांत साठते आणि संध्याकाळी शहराला जाते. असे सात कंटेनर आहेत, पांढरे, मालगाडीच्या डब्यांएवढे. आत दोन्ही बाजूंना कपाटं आणि कपाटांत खणांसारखी बसवलेली बॅटरीची मॉड्यूल्स. एक बिघडलं की ओढून काढायचं, त्या जागी दुसरं सरकवायचं. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. मी कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसते. तो फिटर, म्हणून आत जातो.

आत जाणाऱ्याने बाहेरचा विजेचा खटका बंद करून त्यावर स्वतःचं लाल कुलूप लावायचं. कुलपावर त्याचा फोटो, किल्ली त्याच्याच खिशात. कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे, चार्जिंग सुरू करायचं नाही. बाहेर आला की ज्याचं त्याने काढायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही. या बाबतीत माझा नवरा भयंकर काटेकोर. एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलच्या दारातून परत गेला होता, कुलूप काढायचं राहिलं म्हणून. आणि आत असला की मधूनमधून वॉकीटॉकीचं बटण दोनदा दाबतो, टक टक. म्हणजे, मी ठीक आहे. आज दिवसभर ते ऐकत बसले. गाणं ऐकावं तसं.

चार नंबरचा कंटेनर मात्र बंद आहे. त्याच्या खटक्यावर कुणाचं तरी जुनं कुलूप आहे. फोटो उन्हाने उडून गेलाय.

७ मार्च
बाकीचे सहा दुपारी तापतात आणि संध्याकाळी निवतात. चार नंबरचं तापमान पडद्यावर हलतच नाही. माणसाच्या अंगाइतकं, कायम. आतलं सगळं बंद असताना. त्याला सांगितलं तर माझ्या कपाळाला हात लावून म्हणाला, डब्याला काही झालेलं नाही, ताप तुला आहे. हसले मी. पण जेवणाच्या सुट्टीत एकटीच तिकडे गेले. एवढ्या उन्हात पत्र्याने हात भाजायला हवा होता. भाजला नाही. झोपलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

१० मार्च
पॅनेलं धुणाऱ्या मावशी चहाला बसल्या होत्या. त्यांना विचारलं. ते कुलूप आधीच्या फिटरचं. बाहेरून वीज तोडली तरी बॅटरीच्या पोटात ती राहतेच. त्याचा हात चुकला आणि शॉक बसून तो आतच मेला. त्याला बाहेर काढलं, पण किल्ली सापडली नाही. त्याची बायको तेव्हा माझ्याच खुर्चीत बसायची. तिने कुणाला कुलपाला हात लावू दिला नाही. कुलूप आहे म्हणजे तो आत आहे, एवढंच बोलायची. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

मावशी म्हणाल्या, मोठा रंगेल गडी होता, बायकोला राणीसाहेब म्हणून हाक मारायचा, आख्ख्या आवारात ऐकू जायची. मग कप विसळून ठेवत म्हणाल्या, "तुमच्याच घरात राहायची दोघं."

हे मी त्याला सांगितलं नाही. उगाच कशाला.

१२ मार्च
विजेची मागणी वाढलीय, सातही कंटेनर हवेत. साहेबांनी जुनं कुलूप तोडायला सांगितलं. नवरा अडून बसला: दुसऱ्याचं कुलूप मी तोडणार नाही. साहेब वैतागले. "अरे, तो आता किल्ली घेऊन यायचाय का?" शेवटी यानेच कटर लावला. मी शेजारी उभी होते. कुलूप खाली पडलं आणि आतून श्वास सोडल्यासारखा आवाज आला. हवा कोंडली असेल, असं तो म्हणाला. स्वतःचं कुलूप लावून, फोटो माझ्याकडे वळवून आत गेला. टक टक आलं, तेव्हा मी खुर्चीवर टेकले.

संध्याकाळी बाहेर आला. दमलाय. जेवला नाही, भिंतींकडे बघत बसला.

१३ मार्च
त्याचं कुलूप अजून चार नंबरवर लटकतंय. सकाळी विचारलं तर म्हणाला, परत जायचंच आहे, रोज काढ-घाल कशाला.

तो असं म्हणाला. तो.

१४ मार्च
चहा करत होता. साखरेसाठी खिडकीवरच्या फडताळात हात घातला. आम्ही तिथे कधीच काही ठेवलेलं नाही. हात तसाच ठेवून थांबला, मग वळून विचारलं, "राणीसाहेब, साखर कुठे हलवलीत?"

मावशींनी त्यालाही सांगितलं असेल. चेष्टा करत असेल.

पण तो समोर उभा होता, दोन्ही हात मला दिसत होते, आणि टेबलावर माझ्या वॉकीटॉकीत— टक टक.

१५ मार्च
आज सारखं येतंय. दोनदा, मग शांत, मग दोनदा. मी ठीक आहे, मी ठीक आहे. पडद्यावर चार नंबर अजून अंगाइतकाच.

किल्ली मागितली. हरवली म्हणाला. साहेब म्हणाले, हात्तिच्या, मालक समोर उभा आहे ना, उद्या दुपारी हेही तोडू आणि चार्जिंगला लावू. मी म्हटलं, मी बटण दाबणार नाही. साहेब म्हणाले, मग मी दाबतो, तुम्ही जरा घरी विश्रांती घ्या. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमाने. चांगला उबदार हात होता. तेच सहन होत नाही.

मागच्या वेळी कुलूप तोडलं तेव्हा आत होता तो बाहेर आला. आणि आत गेला होता तो—

१६ मार्च, सकाळ
घरातला माणूस शीळ घालत दाढी करतोय. माझ्या नवऱ्याला शीळ येत नाही.

मावशींना म्हटलं, माझ्याबरोबर चला. त्यांनी मान खाली घातली. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं.

कुलूप तोडायचं नाही. ज्याचं त्याने काढायचं. म्हणजे आधी त्याला बाहेर आणायचं. मीच—

१६ मार्च, चार नंबर
माझं कुलूप त्याच्या कुलपाशेजारी लावलंय. फोटो बाहेर दिसेल असा. माणूस आत आहे हे आंधळ्यालाही कळेल.

टक टक केलं. उत्तर आलं, वॉकीटॉकीतून नाही, मधल्या कपाटातून. खण ओढला. रिकामा. खोल, फार खोल. हात घातला—

धरला. त्याचाच हात. अंगठ्याजवळचा घट्टा, सगळं त्याचंच.

डावा हात त्याच्या हातात आहे, उजव्याने लिहितेय. वही गुडघ्यावर. कुणाला तरी कळावं म्हणून.

आतून म्हणाला, "मास्तरीणबाई, कुलूप लावलंस ना?"

हो म्हटलं. ओढतेय. कोपरापर्यंत आलाय. खांदा अडकलाय—

दार लागलं. मी उघडं ठेवलं होतं.

बाहेर पावलं. ओरडले. पत्रा जाड आहे. वॉकीटॉकीवर ओरडले. पलीकडून कुणीतरी फक्त टक टक केलं.

मग पलीकडचं बटण दाबलेलंच राहिलं, बाहेरचं सगळं ऐकू येतंय. साहेब विचारतायत, हे दुसरं कुलूप कुणाचं? आणि घरातल्या त्या माणसाचा आवाज, शांत, हसरा, "बायकोचं. काढायला विसरली असेल. ती घरी आहे, साहेब, आत्ताच तिच्या हातचा चहा पिऊन आलो."

हात सोडला तर दारापर्यंत पोचेन. दार बडवता येईल.

तो म्हणतोय सोड. सोड म्हणतोय.

नाही सोडत. इतक्या वर्षांनी एका घरात— खांदा सुटतोय, थोडंच राहिलंय— कटर लागला. त्याच्या कुलपाला नाही. माझ्या कुल