कोड कोणालाही सांगू नये

३ मे
साहेबांनी शेवटी काम माझ्यावरच सोपवलं. कंपनीतल्या सगळ्यांची नावं, फोन नंबर, लॉगिन, सगळं कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरवरून उचलून क्लाउडवर न्यायचं. नीट पार पडलं की विभागप्रमुखाची रिकामी खुर्ची माझी. बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली, अहो, आधी मुलीच्या शाळेत तुमचा नवा नंबर कळवा, तिथे अजून जुनाच आहे.

अख्ख्या कंपनीची डिरेक्टरी सांभाळणाऱ्याला हे ऐकवायचं! उद्या कळवतो.

६ मे
मीटिंग. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचाही खुर्चीवर डोळा आहे. म्हणाल्या, यापुढे लॉगिनचा कोड फोनवर येणार, तर सगळ्यांचे नंबर तपासून घेऊ. आधी थोड्या लोकांवर करून बघू. घाबरट बाई. डिरेक्टरी मी स्वतः भरलीय, त्यात चूक कशी असेल?

वर म्हणाल्या, आणखी एकाकडे ॲडमिनचे अधिकार असू द्या. साफ नकार दिला. अधिकार एकाच माणसाच्या हातात हवेत. कोणाच्या ते उघड आहे.

शाळेचं राहिलं.

११ मे
नोटीस लावली. मजकूर माझा: ‘फोनवर आलेला कोड कोणालाही सांगू नये. मागणारा कितीही गयावया करो, तो भामटाच समजावा.’ झकास उतरलंय. साहेब नुसतं ‘ठीक’ म्हणाले. मोकळेपणाने कौतुक करायला मन मोठं लागतं.

रात्रीचे दोन वाजले तरी झोप नाही. कॉफी कमी करायला हवी.

१५ मे, सकाळ
सगळं वर नेलं. सगळ्यांना एका झटक्यात बाहेर काढलं, आता कोड टाकून आत यायचं. मीसुद्धा. नियम म्हणजे नियम.

थोड्या वेळाने
कोड येत नाहीये. नेटवर्क असणार.

अजून थोड्या वेळाने
अर्ध्या कंपनीला येत नाहीये. कॉरिडॉरमध्ये जत्रा. नंबर फक्त मी दुरुस्त करू शकतो, आणि मीच बाहेर. मॅडमनी हळूच विचारलं, डिरेक्टरीत तुमचा नंबर कोणता आहे?

जुना आहे.

दुपार
जिन्यात उभं राहून माझ्याच जुन्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला. म्हटलं, ताई, तुमच्या फोनवर एक कोड आलाय, तेवढा वाचून दाखवता का? म्हणाल्या, लाज नाही वाटत? कोड कोणाला सांगायचा नसतो, एवढं कळतं मला. गयावया केली. नाव सांगितलं. ते ऐकून म्हणाल्या, म्हणजे शाळेवाले ज्यांना शोधत असतात ते बाबा तुम्हीच का? राँग नंबर, राँग नंबर सांगून थकले मी. मार्चमध्ये तुमच्या मुलीला ताप भरला होता, बरी आहे ना आता?

बरी आहे म्हटलं. मला ताप माहीतच नव्हता.

कोड काही दिला नाही.

१७ मे
क्लाउडवाल्यांनी साहेबांकडून कागदपत्रं घेतली आणि सगळे अधिकार मॅडमना दिले. लोक आत आले. खुर्चीही त्यांनाच. बायकोने नुसतं ताट वाढलं. दोन शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

मुलीला तापाचं विचारलं. म्हणाली, आईचा फोन लागत नव्हता आणि तुझ्या फोनवर कोणीतरी मावशीच बोलायची. आई येईपर्यंत मी बाकावर झोपले होते. मला कोणी कसं सांगितलं नाही, असं बायकोला विचारलं. म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही लॅपटॉपमध्ये होतात.

मला खूप वाईट वाटतंय. यापुढे घरात लॅपटॉप नाही.

१९ मे
मॅडमनी माझा नंबर बदलून दिला. कोड लगेच आला. यंत्रणा चोख आहे, मी म्हणतच होतो.

दुपारी रजा टाकून थेट शाळेत. क्लार्कनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. म्हणाले, राहू द्या, तुमचा नंबर आम्ही काढलाय. गेल्याच आठवड्यात मुलगी आईला घेऊन आली होती. आता तिथे तिच्या मामांचा नंबर आहे.

का, म्हणून विचारलं. म्हणाले, मुलगी म्हणाली, मामा उचलतो.